१,७७० नवे रणगाडे घ्यायलाच हवेत का?

सह्यकडा (चर्चाप्रस्ताव)

टी-७२ रणगाडे आपल्याकडे येऊन चाळीस वर्षं उलटून गेली. त्यांच्या जागी नवा रणगाडा आणायची लष्कराची योजना आहे. तिचं नाव ‘फ्युचर रेडी कॉम्बॅट व्हेइकल’, सगळे एफआरसीव्ही म्हणतात. २०२१ मध्ये कंपन्यांकडून माहिती मागवली तेव्हा १,७७० हा आकडा दिला होता, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये योजनेला सरकारची प्राथमिक मंजुरीही मिळाली. हे रणगाडे पुढची तीस-चाळीस वर्षं वापरात राहणार. आज शाळेत जाणारी मुलं ते चालवतील. म्हणून यावर आत्ताच बोलायला हवं.

माझं मत असं की एवढे अवजड रणगाडे घेऊ नयेत. रणगाडा संपला असं मी म्हणत नाही. पण १,७७० हा आकडा ज्या युद्धासाठी काढलाय ते युद्ध होण्याची शक्यता दिवसेंदिवस कमी होत चालली आहे.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झालं. मथुरा, अंबाला, भोपाळ इथल्या स्ट्राइक कोअर (शत्रूच्या हद्दीत घुसून हल्ला करणाऱ्या मोठ्या फौजा) सरहद्दीवर पोचेपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर जगभरातून दबाव आला, पाकिस्तानही सावध झाला. त्यातून धडा घेऊन ‘कोल्ड स्टार्ट’ची कल्पना पुढे आली: छोट्या तुकड्यांनी काही दिवसांत आत घुसायचं. पाकिस्तानने २०११ मध्ये ६० किलोमीटर पल्ल्याच्या ‘नस्र’ क्षेपणास्त्राची चाचणी करून त्याला उत्तर दिलं. ते अण्वस्त्र वाहून नेतं असं त्यांनी उघड सांगितलं. ते आपल्या शहरांसाठी नाही, आत घुसलेल्या चिलखती दलासाठी आहे.

मग आलं मे २०२५. चार दिवसांच्या संघर्षात क्षेपणास्त्रं, विमानं, ड्रोन सगळं वापरलं गेलं. एकही रणगाडा सरहद्द ओलांडून गेला नाही. ८-९ मेच्या रात्री ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले, असं सरकारनेच सांगितलं. त्या रात्री कामाला आल्या त्या एल-७० आणि झेडयू-२३ विमानविरोधी तोफा, शिल्का या विमानविरोधी तोफगाड्या, आकाश क्षेपणास्त्रं. या गोष्टी कमी पडल्या तर काय होईल याची मला जास्त काळजी वाटते.

आणि पैसा. २०२१ मध्ये ११८ देशी बनावटीच्या अर्जुन मार्क-१ए रणगाड्यांची मागणी नोंदवली गेली, किंमत ७,५२३ कोटी. म्हणजे एक रणगाडा साधारण ६४ कोटींना. एफआरसीव्ही त्याहून स्वस्त पडेल असं मानायला काही आधार नाही. आता १,७७० ने गुणून बघा.

निम्म्याहून कमी रणगाडे घ्या, उरलेला पैसा हवाई संरक्षण, ड्रोन, तोफखाना आणि दारूगोळ्याच्या साठ्याकडे वळवा. कुणाला हे चूक वाटत असेल तर कारणासह सांगावं.

अश्वदळ

मी चिलखती दलात नोकरी केली आहे, त्यामुळे माझा कल कुठे असेल हे उघड आहे. तरी मुद्द्याला धरून लिहितो.

रणगाड्याचा मृत्युलेख पहिल्यांदा लिहिला जातोय असं नाही. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये सिनाईत इजिप्तच्या पायदळाने ‘सॅगर’ क्षेपणास्त्रांनी इस्राएली रणगाडे टिपले, तेव्हाही जगभर हेच लिहिलं गेलं. ८ ऑक्टोबरला इस्राएलने पायदळ आणि तोफखाना मागे ठेवून नुसते रणगाडे पुढे घातले होते. त्याची जबर किंमत मोजली. मग आठवड्याभरात त्यांनी पद्धत बदलली. तोफखान्याने क्षेपणास्त्र डागणाऱ्याला मान वर काढू द्यायची नाही, पायदळ बरोबर न्यायचं, धूर सोडायचा. १५-१६ च्या रात्री तेच सैन्य सुएझ ओलांडून पलीकडे गेलं. रणगाडा तोच होता.

युक्रेनचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच देतात. मार्च २०२२ मध्ये कीवजवळ ब्रोव्हरीला रशियाचे रणगाडे एकामागे एक रांग लावून भर रस्त्यावरून गेले. बाजूला पायदळ नाही, पुढे टेहळणी नाही. असे रणगाडे १९४४ मध्येही मेले असते. त्याच वर्षी सप्टेंबरात युक्रेनने खार्कीव्ह भागात मुसंडी मारली. बालाक्लिया, कुपियान्स्क, इझ्युम, सगळं आठवड्याच्या आत. ती मुसंडी चाकांवरच्या आणि पट्ट्यांवरच्या चिलखती गाड्यांनीच मारली. ड्रोन होते, पण ड्रोनने इझ्युम घेतलं नाही.

जमीन घ्यायची आणि राखायची तर तिथे माणूस न्यावा लागतो. तो माणूस पत्र्याच्या गाडीतून न्यायचा, मोटरसायकलवरून न्यायचा की चिलखताआडून, एवढाच प्रश्न उरतो. रशियाने मोटरसायकलवरून नेऊन पाहिलंय. त्यात किती पोरं गेली याचा विचार करा.

नस्रबद्दल: ज्या गोष्टीला शत्रू एवढा घाबरतो की त्यासाठी वेगळं अण्वस्त्र बनवतो, ती गोष्ट आपण स्वतःहून कमी करायची? हे मला पटत नाही. आपले रणगाडे कमी झाले की पाकिस्तानला सरहद्दीवर कमी सैन्य ठेवून भागेल. सुंठीवाचून खोकला गेला त्यांचा.

पंखा_आणि_मोटर

मी पुण्यात ड्रोनच्या क्षेत्रात काम करतो. अश्वदळ सर, आदर ठेवून असहमत.

१९७३ आणि आज यात एक मूलभूत फरक आहे. सॅगर डागणारा माणूस रणगाड्याच्या दृष्टिपथात असायचा. त्याला शोधता यायचं, त्याच्यावर गोळे टाकता यायचे. एफपीव्ही ड्रोन (ड्रोनच्या कॅमेऱ्यातून पाहत उडवायचा) उडवणारा दहा-बारा किलोमीटर मागे एखाद्या तळघरात बसलेला असतो. डोळ्यांवर गॉगल, हातात रिमोट. त्याच्यावर दडपण आणायचं कुणी आणि कसं?

हे काम कसं होतं ते सांगतो, कारण ‘स्वस्त ड्रोन’ म्हटलं की लोकांना लग्नात फोटो काढणारं यंत्र आठवतं. कार्बन फायबरची सात किंवा दहा इंची चौकट, चार मोटर, एक साधा कॅमेरा, बॅटरी, आणि पोटाखाली बांधलेला आरपीजीचा (खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी शस्त्राचा) गोळा. सगळं मिळून चार-पाचशे डॉलर. पहिला ड्रोन बहुतेक वेळा रणगाड्याच्या पट्ट्यावर किंवा मागच्या इंजिनावर घालतात. रणगाडा थांबला की क्रू बाहेर पडतो, झाकण उघडं राहतं. दुसरा ड्रोन त्या उघड्या झाकणातून आत जातो. हे मी व्हिडिओंमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

रेडिओ संदेश अडवणारे जॅमर आहेत ना, असं कुणीतरी म्हणेलच. साध्या रेडिओवर चालणाऱ्या ड्रोनचं चित्र जमिनीजवळ आल्यावर तसंही फुटतं, जॅमर लावला तर पार जातं. म्हणून आता मागे ऑप्टिकल फायबरचं रीळ लावलेले ड्रोन आलेत. केसासारखी बारीक तार दहा-वीस किलोमीटर उलगडत जाते. त्यात रेडिओच नाही, मग जॅम काय करणार? चित्र शेवटच्या क्षणापर्यंत स्वच्छ.

अमेरिकेने युक्रेनला ३१ एब्रम्स रणगाडे दिले. एप्रिल २०२४ मध्ये ते आघाडीवरून मागे घ्यावे लागले, आणि कारण ड्रोनचं दिलं गेलं. एब्रम्सची ही गत, तर आपल्या टी-९० चं काय? रशियाचे तीन हजारांहून जास्त रणगाडे गेल्याचे फोटोसह पुरावे आहेत.

धागाकर्त्याने तरी निम्मे म्हटलेत. माझ्या मते नव्या अवजड रणगाड्याची योजना दहा वर्षं थांबवावी.

कोरडा_दिवस

सह्यकडा +१. मे महिन्यात आमच्या नात्यातले लोक जम्मूत होते. रात्रभर आकाशात काय चाललं होतं ते त्यांनी फोनवर सांगितलं. पहिला पैसा हवाई संरक्षणालाच हवा.

नगरी_बाणा

आमच्या नगरला (आता अहिल्यानगर) रणगाडा म्हणजे नवलाई नाही. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथेच, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र इथेच, रणगाड्यांचं संग्रहालय इथेच. के. के. रेंजवर सराव सुरू असला की गावात बसल्या जागी कळतं. तेव्हा या विषयावर गप्प बसवत नाही.

इथे सगळे ‘किती’ यावर भांडतायत. मला ‘कसला’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

टी-७२ आणि टी-९० मध्ये गोळे आपोआप भरले जातात. त्यासाठी बुरुजाच्या (तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाच्या) खाली, क्रूच्या पायाखाली, एक गोल फिरतं चक्र असतं. त्यात २२ गोळे आणि त्यांची दारू. म्हणून तीन माणसांत भागतं, रणगाडा बुटका राहतो, वजन ४५ टनांच्या आसपास राहतं. पण चिलखत फुटून आग त्या चक्रापर्यंत पोचली की सगळं एकदम पेटतं आणि बुरुज हवेत उडतो. आतल्या तिघांना बाहेर पडायला क्षणही मिळत नाही.

याच्या उलट जून २०२३ मध्ये झापोरिझिया भागात माला तोकमाच्काजवळ युक्रेनचे लेपर्ड रणगाडे आणि ब्रॅडली चिलखती गाड्या भूसुरुंगांत अडकल्या तेव्हाची चित्रं आठवा. गाड्या बऱ्याच गेल्या. पण आतली बरीचशी माणसं चालत परत आली. लेपर्डच्या बुरुजातला दारूगोळा वेगळ्या कप्प्यात असतो, पेटला तर स्फोट वरच्या बाजूने बाहेर निघून जातो. रणगाडा वर्षात नवा बनतो. चांगला गनर (तोफ डागणारा) घडायला किती वर्षं लागतात ते अश्वदळ साहेबांना विचारा.

मार्च २०२५ मध्ये आपण टी-७२ साठी ७८० ऐवजी १,००० अश्वशक्तीची नवी इंजिनं घ्यायचा २४.८ कोटी डॉलरचा करार रशियाशी केला. इंजिन हवंच, पण दारूगोळा तिथेच पायाखाली राहणार. त्यामुळे एफआरसीव्ही नको म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: दहा वर्षं थांबायचं म्हणजे ती दहा वर्षं आपल्या पोरांनी टी-७२ मध्येच बसायचं ना? लष्कर रणगाडे वापरणं थांबवणार नाहीये. जुनेच वापरत राहील.

आकडा कमी करा, चालेल. एक ना धड भाराभर चिंध्या नकोत. पण माणूस वाचवणारा रणगाडा लवकर हवा.

पंखा_आणि_मोटर

@नगरी_बाणा, हा मुद्दा वजनदार आहे. पण मग ६८ टनांचा अर्जुन मार्क-१ए झाला तसं होतं. माणूस वाचवायचा म्हणून चिलखत वाढवा, चिलखत वाढलं की पंजाबातले कालवे आणि पूल झेपत नाहीत. ड्रोन वरून येतो, वरचं चिलखत जाड करायचं तर आणखी वजन. याला अंत कुठे?

विस्तुलाकाठी

पोलंडमधून लिहितोय, नोकरीनिमित्त इथे आहे. इथल्या लोकांचा विचार ऐकण्यासारखा आहे, कारण युद्ध त्यांच्या कुंपणापलीकडे चालू आहे आणि ड्रोन काय करतात हे त्यांना बातम्यांमधून शिकायची गरज नाही.

तरीही पोलंड रणगाडे घेतोय, आणि भरपूर घेतोय. २०२२ मध्ये दक्षिण कोरियाचे १८० के-२ रणगाडे, २०२५ मध्ये आणखी १८०. अमेरिकेचे २५० नवे एब्रम्स, वर ११६ वापरलेले. स्वतःकडचे बरेचसे जुने टी-७२ त्यांनी युक्रेनला देऊन टाकले. त्याच वेळी ‘ईस्ट शील्ड’ नावाने पूर्व सीमेवर खंदक, अडथळे आणि टेहळणीची यंत्रणा उभारतायत. म्हणजे समोरच्याचा रणगाडा अडवायची तयारी आणि स्वतःचा रणगाडा, दोन्ही एकदम.

सहकाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट सतत ऐकतो. जमीन एकदा हातातून गेली की ती परत घ्यावी लागते, आणि परत घेताना चिलखत लागतं. बचाव ड्रोनने होईल, प्रतिहल्ला नुसत्या ड्रोनने होणार नाही. धागाकर्त्याने विचार केलाय तो आपण आत घुसण्याचा. समोरचा आत घुसला तर काय, हे प्रस्तावात कुठे दिसत नाही.

सह्यकडा

@विस्तुलाकाठी, प्रश्न रास्त आहे, उत्तर देतो. १९६५ मध्ये खेमकरणला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आत आले. जवळच्या असल उत्तर गावापाशी त्यांना थांबवलं ते कसं? कालव्याचं पाणी उसाच्या शेतांत सोडलं, पॅटन चिखलात रुतले, आणि दडून बसलेल्या शर्मन, सेंच्युरियन रणगाड्यांनी आणि जीपवरच्या १०६ मिलिमीटर तोफांनी त्यांना टिपलं. अब्दुल हमीद जीपवरच होते. जमीन, पाणी, दडण आणि जवळून अचूक मारा यांनी तेव्हाच्या जगातल्या उत्तम रणगाड्यांपैकी एक निकामी केला. त्या जीपवरच्या तोफेची जागा आज नाग आणि स्पाइक क्षेपणास्त्रं, एफपीव्ही घेतील. बचावासाठी १,७७० नवे अवजड रणगाडे लागतात हे असल उत्तरवरून तरी सिद्ध होत नाही.

अश्वदळ

सह्यकडा, असल उत्तर तुम्ही बरोबर सांगितलंत, पण त्याच लढाईत आपले रणगाडे होते म्हणून सापळा बंद झाला हेही तुम्हीच लिहिलंत. डेक्कन हॉर्सचे शर्मन, थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन बाजूला नसते तर पॅटन चिखलाला वळसा घालून पुढे गेले असते.

आणि त्याच आठवड्यात सियालकोट भागात पूना हॉर्स ही चिलखती रेजिमेंट फिलोरा-चाविंडाला लढत होती. लेफ्टनंट कर्नल तारापोर जखमी असूनही मागे गेले नाहीत, १६ सप्टेंबरला रणांगणावरच गेले. सहा वर्षांनी, १९७१ च्या युद्धात, याच रेजिमेंटने बसंतर नदी ओलांडली. त्या रात्रीचं एक लक्षात घ्या. भूसुरुंगांतून वाट काढायचं सॅपर्सचं (लष्करी इंजिनिअर्सचं) काम पुरं झालं नव्हतं. पलीकडच्या काठावर पायदळाने जागा धरली होती आणि समोर पाकिस्तानी रणगाडे जमत होते. पूना हॉर्सचे रणगाडे अर्धवट साफ झालेल्या वाटेतून पलीकडे गेले. १६ डिसेंबरला सकाळी अरुण खेतरपाल, वय २१, जन्म पुण्यातला, त्यांनी ती जागा सोडली नाही. रणगाडे वेळेत पलीकडे गेले नसते तर ते पायदळ चिरडलं गेलं असतं.

माझं सगळं म्हणणं त्या एका रात्रीत आहे. पायदळाला रणगाडा लागतो. रणगाड्याला सॅपर लागतो. सॅपरला तोफखान्याचं छत्र लागतं. आज त्यात ड्रोन पाडणाऱ्या गाडीची भर पडली. साखळीतली एक कडी काढून पैसे वाचतात असं वाटतं, पण मग बाकीच्या कड्या कामाच्या राहत नाहीत.

पंखा_आणि_मोटर, तुमचा फायबरचा मुद्दा मी नाकारत नाही. पण इस्राएलच्या मेरकावा रणगाड्यांवर ‘ट्रॉफी’ यंत्रणा बसून बरीच वर्षं झाली. रडार येणारं क्षेपणास्त्र पाहतं आणि ते रणगाड्याला लागण्याआधीच फोडतं. वरून येणाऱ्या ड्रोनसाठी तिच्यात सुधारणा चालू आहेत. शस्त्र आणि ढाल यांची शर्यत तुमच्या क्षेत्राने सुरू केलेली नाही आणि तुमच्या क्षेत्रापाशी संपणारही नाही.

खारदुंगला

मैदानावरच बोलताय सगळे. चीनकडेही बघा.

२९-३० ऑगस्ट २०२० च्या रात्री आपण लडाखमध्ये कैलास रांगेतल्या उंच जागा धरल्या. रेचिन ला भागात आपले रणगाडे पंधरा हजार फुटांवर गेले. चीनचे हलके टाइप-१५ रणगाडे समोर होते. लढाई न होता आपल्या बाजूने वजन पडलं, त्यात त्या रणगाड्यांचा वाटा होता असं माझं ठाम मत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये पॅंगाँगवरून माघार ठरली तेव्हा पहिले मागे गेले ते दोन्ही बाजूंचे रणगाडे. निरुपयोगी वस्तू मागे न्यायची अट कुणी घालत नाही.

पण तिथे रणगाडा ठेवणं म्हणजे काय हेही समजून घ्या. हवा विरळ, इंजिनाची ताकद घटते. हिवाळ्यात इंधन वेगळं लागतं, आणि इंजिन गोठू नये म्हणून रात्री अधूनमधून सुरू करावं लागतं. कडाक्याच्या थंडीत ते पोरांनीच करायचं. जून २०२४ मध्ये दौलत बेग ओल्डी भागात श्योक नदी पार करताना पाणी अचानक वाढलं आणि एका टी-७२ मधले पाच जण गेले. ती बातमी वाचून मी दिवसभर सुन्न होतो.

तिथे हवा आहे २५ टनांचा हलका रणगाडा ‘जोरावर’. डीआरडीओ आणि एल अँड टीने तीन वर्षांच्या आत बनवला, जुलै २०२४ मध्ये हाजिराला दाखवला, डिसेंबरात न्योमाला ४,२०० मीटरपेक्षा उंचावर गोळे डागले. गरज सांगितलीय ३५४ ची. एफआरसीव्हीचा आकडा कमी करायचाच तर तो पैसा आधी इथे द्या.

पंखा_आणि_मोटर

खारदुंगला यांच्याशी सहमत, आणि हे माझ्या पहिल्या प्रतिसादाशी विसंगत नाही. मी ‘अवजड’ म्हटलं होतं. फक्त एक: हलक्या रणगाड्याचं चिलखत आणखी पातळ. बर्फाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर गरम इंजिन थर्मल कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं, लपायला झाड नाही. जोरावरबरोबर ड्रोनविरोधी यंत्रणा पहिल्या दिवसापासून हवी, नंतर बसवू म्हटलं तर वरातीमागून घोडं.

नगरी_बाणा

हे शेवटचं वाक्य एफआरसीव्हीलाही लागू आहे. छतावर लोखंडी जाळ्या जोडून बुरुज फिरेनासा झालेले रशियन रणगाडे आपण पाहिलेत. संरक्षण आराखड्यातच असायला हवं, मागून जोडलेलं नको.

सह्यकडा

सगळं वाचलं. माझी भूमिका कायम आहे, पण ती आता जास्त नेमकी मांडता येईल.

पहिला टप्पा ५०० ते ६०० एफआरसीव्हींचा असावा. दारूगोळा क्रूपासून वेगळा, ड्रोनविरोधी संरक्षण आराखड्यातच. ते आले की तेवढेच सगळ्यात जुने टी-७२ काढावेत, त्यांच्यावर आणखी खर्च नको. जोरावरचे ३५४ पूर्ण घ्यावेत, त्यात काटछाट नको. प्रत्येक चिलखती रेजिमेंटबरोबर पूल टाकणाऱ्या आणि सुरुंग साफ करणाऱ्या गाड्या पुरेशा हव्यात. अश्वदळ सरांनी बसंतरचं सांगितलं, त्यातला सॅपर मला सर्वात महत्त्वाचा वाटतो आणि बजेटच्या चर्चेत तोच सर्वात आधी विसरला जातो. दुसरा टप्पा पहिल्याचा अनुभव पाहून ठरवावा. १,७७० हा आकडा आज कागदावर कोरून ठेवू नये.

अश्वदळ

टप्पे मान्य. आकडा सोडणं मान्य नाही. कारखान्याला पुढची मागणी दिसत नसेल तर तो पहिल्या पाचशेनंतर कारागीर काढून टाकतो आणि सुटे भाग बनवणारे छोटे उद्योग बंद पडतात. अर्जुनचं हेच झालं: १२४ घेतले, मग वर्षानुवर्षं पुढची मागणी नाही, मग ११८. एवढ्याशा संख्येत किंमत उतरणार कशी? तुम्ही सुरुवातीला दिलेले ६४ कोटी तिथूनही आलेत. १,७७० ची बांधिलकी ठेवा, आणि दर टप्प्यात रणगाडा बदलायची मुभा लष्कराला द्या.

सॅपर्सबद्दल लिहिलंत, बरं वाटलं.

विस्तुलाकाठी

इथेही हाच वाद आहे. के-२ चे पहिले रणगाडे थेट कोरियातून आले, आता पुढचे काही पोलंडमध्येच बनवायचं ठरलंय, आणि त्यासाठी त्यांना मोठा आकडा आधी मान्य करावा लागला. अश्वदळ यांचा कारखान्याचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. सह्यकडा, याला तुमच्याकडे उत्तर आहे का?

सह्यकडा

आहे. कारखाना चालू ठेवायला रणगाडाच बनवावा लागतो असं नाही. त्याच सांगाड्यावर पूल टाकणारी गाडी, सुरुंग साफ करणारी गाडी, ड्रोन पाडणारी तोफगाडी, पायदळ नेणारी जड चिलखती गाडी बनते. १,७७० सांगाड्यांची बांधिलकी द्या, मी सही करतो. त्यातले किती रणगाडे आणि किती बाकीच्या गाड्या, यावर पुढचा वाद घालू.